सेल बदलण्यास परवानगी मिळणेबाबत

आमच्या शाळेत शिकून पुण्याला नोकरीला लागलेला एक मुलगा मागच्या दिवाळीत भेटला. हसत म्हणाला, "सर, कंपनीत पहिल्या दिवशी कम्प्युटर चालू केला आन् वाट बघत बसलो. काळा पडदाच येईना. एफ-वन कधी दाबायचं तेच कळंना."

त्याचं काही चुकलं नव्हतं. संगणक सुरू करायची आमच्याकडची कृतीच तशी होती. बटण दाबायचं, पंखा घरघरला की काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक तक्रार उमटायची, ती न वाचता एफ-वन दाबायचं, मग पुढचं सगळं सुरू. खाली कोपऱ्यात तारीख यायची एक जानेवारी दोन हजार दोन. आषाढ असो की शिमगा, आमच्या संगणकाचा नेहमी नवीन वर्षाचा पहिला दिवस. मुलांच्या वह्यांत ही कृती क्रमांक घालून लिहिलेली असायची. बारावीच्या प्रात्यक्षिकाला आलेल्या परीक्षकांनी एकदा एका मुलीला विचारलं, "हे एफ-वनचं कुणी शिकवलं तुला?" मुलगी म्हणाली, "मशीननंच शिकवलं, सर." परीक्षक हसले. साळवे सर शेजारी उभे होते, ते हसले नाहीत. म्हणाले, "साहेब, तिचं बरोबर हाय. चूक मशीनची हाय. ती तिच्या मार्कातून कापू नका."

मिलिंद साळवे आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या विनाअनुदानित तुकडीवर संगणक शिकवायचे. विनाअनुदानित म्हणजे शिकवायचं रोज, पगार नाही. पुढे कधीतरी सरकार त्या तुकडीला अनुदान देईल, तेव्हा पगार चालू होईल, तोवर हजेरी लावत राहायची. मी अनुदानित तुकडीवर मराठी शिकवायचो. आम्ही एकाच स्टाफरूममध्ये एकाच किटलीतला चहा प्यायचो, एकाच घंटेला उठायचो. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आम्ही पगारवाले जरा मोकळ्या आवाजात बोलायचो आणि ते नेमके तेव्हा वर्गात गेलेले असायचे. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

अंगानं काटकुळे, रंगानं सावळे. मे महिन्यातसुद्धा शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बंद. घाटनांदूरला स्टेशनच्या मागच्या वस्तीत राहायचे आणि सकाळी काळ्या-पिवळी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून आमच्या गावी यायचे, पण इस्त्री मोडलेली मी कधी पाहिली नाही. वरच्या खिशात कॅमेऱ्याच्या रिळाची एक जुनी प्लास्टिकची डबी असे. तिच्यात रुपयाच्या नाण्याएवढे गोल, चपटे सेल. कुठल्याही कार्यालयात गेले की समोरच्या माणसाकडे बघायच्या आधी त्याच्या संगणकाच्या कोपऱ्यात बघायचे. बँकेतला बाबू असो की तलाठी. "आधी टाइम बघावा," म्हणायचे. "टाइम चुकलेला असला का त्या मशीननं सांगितलेलं कायबी खरं धरू नये."

हे काय प्रकरण आहे, असं मी एकदा विचारलं तर खडू घेऊन फळ्यावर चित्रच काढायला लागले. "आतमंदी मोठी पाटी असती, सर. तिच्यावर एक बारका सेल बसवलेला असतो. लाइट गेली, मशीन बंद झालं, तरीबी टाइम आन् तारीख सांभाळायचं काम त्येच्याकडं. समदे झोपले तरी ह्यो जागा. पाच-सहा वर्षं पुरतो बिचारा. त्यो मेला का मशीनला दरवेळी वाटतं, आपण आजच जन्मलो."

घाटनांदूरच्या बाजारात एका फोटो स्टुडिओचा संगणक असाच रोज नव्यानं जन्मायचा. मालकानं तीनदा सेल बदलला, तरी सकाळी तारीख मागे. बोर्डच गेलाय, नवीन मशीन घ्या, असं कुणीतरी सांगितलं आणि तो बिचारा घ्यायच्या तयारीला लागला होता. साळवे सरांबरोबर मी तिथे पासपोर्ट फोटो काढायला गेलो होतो. सरांनी कोपऱ्यात बघितलं आणि विचारलं, "सेल कोणता घातलाय?"

"नवाच हाय की बे," मालक म्हणाला. तो त्यांचा शाळेतला सोबती.

सरांनी वायर काढली. वायर काढल्यावरही चालू करायचं बटण चार-पाच सेकंद दाबून धरलं. आत उरलेली वीज निघून जाते, असं मला सांगितलं. मग झाकण उघडलं. मोबाइलच्या उजेडात वाकून बघितलं आणि नखानं एक चुरगळलेला चमकता कागद बाहेर काढला. सिगारेटच्या पाकिटातली चांदी.

"हे कावून घातलं?"

"सेल ढिला बसायलता. दुकानदारानंच दिली आयड्या."

"ढिला बसनारच. अर्ध्या जाडीचा हाय त्यो. गोल सारखा दिसला म्हणून काय झालं? ह्याला बत्तीस नंबर लागतो, तू सोळा घातलाय." मग त्यांनी मीटर लावून डबीतला सेल तपासला. तीन व्होल्ट भरला पाहिजे, अडीचच्या खाली गेला तर मेला समजायचा, हे मला तेव्हाच कळलं. छापील बाजू वर करून त्यांनी सेल टक् करून बसवला, मशीन चालू केलं, तारीख-वेळ भरली, जतन केली आणि पुन्हा वायर काढून दहा मिनिटं नुसते बसून राहिले. वायर लावली तेव्हा घड्याळ बरोबर चालत होतं. मालक खूश झाला. सरांचा चेहरा मात्र तसाच. "तीनदा बदलला म्हणतो," बाहेर आल्यावर म्हणाले, "पण एकदाबी निघालेल्या सेलवरचा नंबर वाचला न्हाई."

घाटनांदूर, धर्मापुरी, त्या अंगाच्या सगळ्या गावांतले संगणक या माणसाने असे ताळ्यावर आणले. मग आपल्या शाळेचा का नाही आणला? हा प्रश्न मला पुढे पुष्कळांनी विचारला. त्याचं उत्तर द्यायचं तर आमच्या शाळेचं डेडस्टॉक समजून घ्यावं लागेल.

शाळेतली प्रत्येक टिकाऊ वस्तू डेडस्टॉक रजिस्टरात चढवलेली असते. खुर्ची, घंटा, पृथ्वीचा गोल, सगळ्यांवर पांढऱ्या रंगात नंबर. वस्तू मोडली तरी टाकता येत नाही, परवानगीशिवाय हलवता येत नाही. आमचा संगणक कुणाच्या तरी निधीतून आलेला. त्याच्या डब्यावर संस्थेच्या सचिवांची, म्हणजे भाऊंची, सही असलेला कागद चिकटवलेला होता: 'परवानगीशिवाय उघडू नये.' तारीख बदलायची तर पासवर्ड लागे आणि तोही भाऊंकडे. हे सगळं का? तर साळवे सरांच्या आधी जे शिक्षक होते त्यांच्या काळात संगणकातला एक भाग गायब झाला. त्यांनीच नेला असं काही सिद्ध झालं नाही. पण ते गृहस्थ शाळा सोडून गेले आणि गावानं त्यांना आजतागायत चोरच ठेवलं.

मी साळवे सरांना म्हणालो होतो, "अहो, दोन मिनिटांचं काम. कागद अलगद सोडवा, सेल घाला, परत चिकटवा. कोण बघतंय?"

ते म्हणाले, "सर, तुमी उघडलं तर म्हणतील, सरांनी दुरुस्त केलं. मी उघडलं तर आतलं काय काय गेलं ते मोजतील."

"तुम्हीपण ना, फार मनाला लावून घेता," मी म्हणालो. मला ते खरंच जास्तीचं वाटलं होतं. मी गावातल्या मोठ्या वाड्याकडचा, चार पिढ्या जमीन असलेल्या घरातला. माझ्या हातून काही हरवलं तर ते सापडेपर्यंत लोक शोधायचे. त्यांच्या हातून हरवलं असतं तर कुणी शोधलं नसतं, आधीच ठरवलं असतं. आमचं गाव मला माझं वाटायचं, पण ते ओळखलं होतं साळवे सरांनी.

तेव्हा त्यांनी रीतसर मार्ग धरला. दरवर्षी जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात एक अर्ज. विषय: सेल बदलण्यास परवानगी मिळणेबाबत. महोदय, संगणकाच्या आतील सेल निकामी झाल्याने तारीख व वेळ कायम चुकीची दाखवली जाते, तरी सेल स्वखर्चाने बदलून देण्यास तयार आहे, कृपया उपस्थित राहून समक्ष उघडण्याची परवानगी द्यावी. अक्षर छापल्यासारखं, खाली तारीख आणि सही. डेडस्टॉकचा चार्ज माझ्याकडे, म्हणून अर्ज माझ्या हातात यायचा. मी तो प्राचार्यांना दाखवायचो. ते म्हणायचे, "ठेवा, भाऊंच्या कानावर घालतो." मग तो कागद आवक रजिस्टरला न चढता माझ्या लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात जायचा. पुढच्या जूनला त्याच्यावर दुसरा.

एरवी हा माणूस कागदाची पोच घेतल्याशिवाय टेबलापुढून हलायचा नाही. झेरॉक्सवर सही, तारीख, शिक्का. माझ्याकडून कधीच घेतली नाही. एकदा मीच म्हणालो, "पोच देऊ का?" तर लाजल्यासारखे झाले. "तुमच्याकडून काय पोच घ्यायची, सर?"

संगणकाच्या डब्यावर त्यांनी एक पाटी टेकवून ठेवली होती, पहिलीच्या पोरांची असते तशी. रोज सकाळी आल्यावर आधी ती ओल्या फडक्यानं पुसायचे आणि त्या दिवसाची खरी तारीख लिहायचे. मशीन काहीही म्हणो, तुम्ही ही तारीख लिहा, असं मुलांना सांगायचे. विनाअनुदानित शिक्षकांची महिन्याची हजेरी त्याच संगणकावर तेच टाइप करायचे. प्रत्येक पानाच्या पहिल्या ओळीत खरी तारीख. बोर्डाच्या कागदांवर मात्र त्यांचं नाव कुठेच नसे. पगार नसलेल्या माणसाचं नाव बोर्डाला कळवायचं नाही, अशी आमच्या संस्थेची रीत. प्रात्यक्षिक ते घ्यायचे, सही दुसऱ्याची व्हायची. मीही दोनदा केली आहे.

अशी आठ वर्षं गेली. लग्न झालं, एक मुलगी झाली. वहिनी शिवणकाम करायच्या. संध्याकाळी सर डबी घेऊन गावोगाव हिंडायचे.

मग अनुदान आलं. निवडणुकीआधीच्या घोषणा पुष्कळ ऐकल्या होत्या, हे खरोखर आलं. अट एकच, नेमणुकीपासून सलग सेवा केल्याचा पुरावा हवा. नेमणुकीचा आदेश साळवे सरांकडे होताच. हजेरीचं सह्यांचं रजिस्टर भाऊंच्या घरी असायचं. भाऊंनी सांगितलं, त्याला वाळवी लागली. भाऊंच्या मेहुण्यांचा मुलगा त्याच उन्हाळ्यात संगणकाची पदवी घेऊन गावात आला होता. स्टाफरूममध्ये आम्हा सगळ्यांना दोन्ही बातम्या कळल्या. आम्ही चहा प्यायलो.

साळवे सर म्हणाले, "रजिस्टर गेलं तर जाऊ द्या. मशीनमंदी महिन्यावार हाजरी हाय."

पडताळणीचं शिबिर बीडला एका शाळेच्या हॉलमध्ये होतं. शाळेचा प्रतिनिधी म्हणून मी गेलो. मूळ संगणकच आणा असा निरोप होता, आणि तो न्यायची परवानगी भाऊंनी लगेच लेखी दिली. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. सरांनी डबा घोंगडीत गुंडाळला आणि जीपमध्ये सबंध वाट मांडीवर धरून बसले. पडताळणीचे अधिकारी वयानं मोठे, शांत गृहस्थ होते. त्यांच्या मदतनिसानं फाइली उघडल्या आणि मान हलवली, तेव्हा अधिकाऱ्यांनी विचारलं,

"साळवे, या सगळ्या फाइली एक जानेवारी दोन हजार दोनला तयार झाल्यात. शहाण्णव महिन्यांची हजेरी एका दिवसात? तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"बारावीला व्हतो, साहेब." आजूबाजूचे हसले. सरांनी सेलचं सगळं समजावून सांगितलं.

"मला पटतं," अधिकारी म्हणाले. "सेल मेला की असंच होतं, माझ्या घरी झालंय. पण तो आठ वर्षांपूर्वी मेला की परवा काढून टाकला, हे मी कशावरून ठरवू? परवा बसून सगळं टाइप केलं नाही कशावरून? मागच्या तारखांच्या बोगस नेमणुका रोज येतात माझ्यासमोर."

तेव्हा साळवे सरांचा चेहरा उजळला. इतका की अधिकारीही चकित झाले. "दरखास्ती हायेत, साहेब. सेलसाठी. दर जूनला एक, अशा आठ. ह्या सरांकडं दिल्यात."

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. "मग सोपंच आहे," ते म्हणाले. "त्या आणा आणि माझ्याकडे अमुक तारखेला मिळाल्या, असं या सरांचं सहीनिशी पत्र आणा. मला तेवढं पुरेल. पंधरा दिवस देतो."

परतीच्या वाटेवर सर सारखे बोलत होते. मुलीला अंबाजोगाईच्या शाळेत घालीन म्हणाले, वहिनींचे डोळे दुखतात, शिवण कमी करायला सांगीन म्हणाले. मलाही आनंद झाला होता, खोटं का सांगू? दुसऱ्या दिवशी त्यांनी वहिनींनी दिलेला डबा माझ्या टेबलावर ठेवला. दशम्या आणि कारळाची चटणी. "ती म्हणली, सरांच्यामुळं झालं," एवढंच बोलले.

त्याच दुपारी भाऊंनी घरी बोलावलं. धमकी नाही, चढा आवाज नाही. चहा दिला. म्हणाले, "जूनमध्ये पर्यवेक्षकाची जागा रिकामी होते. तुमचं नाव हाय आमच्या डोक्यात." मग जरा थांबून, "तुमच्या कपाटात जुना कागद लई साठलाय म्हणं. उगा उकरत बसू नका."

बस, एवढंच. मी नाही म्हणू शकलो असतो. माझी नोकरी पक्की, पगार सरकारचा. भाऊ माझं काहीही वाकडं करू शकले नसते, फार तर पर्यवेक्षक केलं नसतं. पुढे लोकांना सांगताना मी दबाव होता असं सांगत आलो. दबाव नव्हता. मला ती खुर्ची हवी होती. शाळेत परत आलो, कपाट उघडलं, आठही अर्ज काढले आणि वहिनींच्या रिकाम्या डब्याबरोबर पिशवीत घालून घरी नेले.

दुसऱ्या दिवशी सरांना म्हणालो, "सापडत नाहीत हो. कुठं गेले कळत नाही."

ते गडबडले नाहीत. "मी शोधू का? तुमची परवानगी असंल तर."

मी किल्ली दिली. सुट्टीच्या दिवशी ते आले, शर्टाच्या बाह्या पहिल्यांदाच कोपरापर्यंत दुमडलेल्या. खणाखणातला कागद बाहेर काढला. मी खुर्चीत बसून पेपर वाचत होतो, म्हणजे पेपर समोर धरला होता. खालच्या खणापाशी ते बराच वेळ उकिडवे बसून राहिले. मग फडकं मागितलं. सगळं कपाट पुसलं, कागद वर्षावार लावले, प्रत्येक गठ्ठ्याला सुतळी बांधली, वर चिठ्ठी लावली. चार तास हे काम चाललं. शेवटी किल्ली माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "न्हाईत, सर."

"बघतो मी आणखी," मी म्हणालो.

"बघा," ते म्हणाले.

पुढचे दिवस ते रोज सकाळी माझ्या टेबलापाशी येऊन नमस्कार करायचे. एकदाही विचारलं नाही. मी वर बघायचो नाही. पंधरा दिवस झाले, प्रस्ताव नामंजूर झाला, शेऱ्यात 'दिनांक संशयास्पद' असं लिहून आलं. शाळा सोडताना त्यांनी संगणक कक्षाची किल्ली, खडूचे खोके, दोन पुसणी, सगळं यादी करून माझ्या ताब्यात दिलं आणि यादीवर माझी सही घेतली. झेरॉक्सवरही घेतली. जुलैत भाऊंच्या मेहुण्यांचा मुलगा त्या जागेवर आला. पहिल्याच आठवड्यात त्यानं कागद फाडला, डबा उघडला आणि सेल बदलला. कुणी अर्ज मागितला नाही. मी पर्यवेक्षक झालो.

मी त्या खुर्चीत सात वर्षं बसलो. ते अर्ज माझ्या घरी धान्याच्या कोठीमागे एका पिशवीत होते. फाडून टाकायला काय लागतं? पण हात धजला नाही, आणि देऊन टाकायलाही धजला नाही. गेल्या वर्षी निवृत्त झालो, सत्काराचा नारळ घेतला. त्यानंतर कळलं की साळवे सर दिंद्रुडकडे एका जिनिंगवर वजनकाट्याच्या खोलीत बसतात, कापसाच्या गाड्यांची वजनं नोंदवतात. घर घाटनांदूरलाच, आठवड्याला येतात. एके दिवशी पिशवी घेऊन मी निघालो.

दुपारचे तीन वाजले असतील. खोलीला एक खिडकी, बाहेर काट्यावर ट्रॅक्टर लागलेला, हवेत कापसाची बारीक कुसं. सर संगणकापुढे बसले होते. केस पांढरे झाले होते, खोकला लागलेला दिसत होता. बाह्या मनगटापर्यंत बंदच. मला पाहून उठले, आपली खुर्ची दिली, स्वतः स्टुलावर बसले. मुलीचं विचारलं तर म्हणाले, आठवीनंतर शाळा सुटली, शिवण आता तीच करते. वहिनींना जवळचं दिसत नाही. हे त्यांनी हवापाण्याचं सांगावं तसं सांगितलं.

मी पिशवीतून अर्ज काढून टेबलावर ठेवले. कडा पिवळ्या पडल्या होत्या. त्यांनी हात लावला नाही, पण वरच्या अर्जावरचं आपलं अक्षर वाचलं.

"मी पत्र लिहून देतो," मी म्हणालो. "शपथेवर. आवकवर आता माझा ओळखीचा माणूस आहे. शिक्के मारून घेतो सगळ्यांवर."

"कोणत्या तारखेचे?" त्यांनी विचारलं.

मी वरच्या अर्जाखालची तारीख बघायला लागलो.

"न्हाई, सर. मागल्या तारखेचं काम मी कधी केलं न्हाई. आन् आता त्या जागंवर पोरगा पर्मनंट झाला. कुणापुढं मांडणार?"

बाहेर गाडीवाल्यानं हॉर्न दिला. ते हात वर करून थांब म्हणाले. मी जे इतकी वर्षं बोललो नव्हतो ते बोललो. "अर्ज माझ्याच घरी होते. मीच नेले होते. तुम्ही कपाट शोधलं त्याच्या आधीच."

"मालूम हाय," ते म्हणाले. "समद्या खणात धूळ व्हती. खालच्या खणात कागदाएवढी जागा तेवढी साफ व्हती."

"मग बोलला का नाहीत? तोंडावर म्हणायचं होतं मला."

त्यांनी अर्ज सारखे केले, पिशवीत घातले आणि पिशवी माझ्या हातात दिली.

"पंधरा दिवस व्हते की, सर. मला वाटलं, तुमी आणून द्याल. शेवटच्या दिवशी बीडला गेलतो मी. हापिस बंद व्हईस्तोवर दारात उभा व्हतो. तुमी परस्पर तिकडंच आले तर चुकामूक नको म्हणून."

गाडीवाल्यानं पुन्हा हॉर्न दिला. साळवे सर खिडकीशी गेले, काट्यावरचा आकडा बघितला आणि लिहून घ्यायला लागले. मी पिशवी घेऊन बाहेर आलो. काट्यावरच्या गाडीमागे अजून चार गाड्या उभ्या होत्या.